पेत्रोना आजींची मुलाखत

दोघांनीही पुस्तक वाचलेलं नाही, हे निमियाला लांबूनच कळलं. नदीकाठच्या रस्त्यावर झाडाखालच्या बाकावर ते बसले होते. देर्लिसच्या मांडीवर तेरेरे या थंड पाल्याच्या पेयाचा थर्मास होता, तातियानाच्या हातात मोबाइल आणि दोघांच्या मध्ये चिपा या चीजच्या पावांची कागदी पिशवी. पुस्तक कुठेच दिसत नव्हतं. निमियाच्या पिशवीत मात्र ते होतं. पानांचे कोपरे दुमडलेले, समास पेन्सिलीनं लिहून लिहून काळे झालेले.

"ये, बस," देर्लिस म्हणाला. बर्फाचं पाणी ओतून त्यानं प्याला तिच्यापुढे धरला. "चेहरा बघ हिचा. आम्ही अजून तोंडसुद्धा उघडलं नाहीये."

"पुस्तकही उघडलं नसेल," निमिया म्हणाली.

तो हसला. देर्लिस विलाल्बा हसला की समोरच्याचा राग अर्धा उतरायचा, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. निमियाचा उतरला नाही. तिनं प्याला घेतला, नळीनं एका दमात संपवला आणि परत केला.

साहित्याच्या तिसऱ्या वर्षाला इन्स्फ्रान बाईंचा विषय होता, आपल्या भागातली कथा-कादंबरी. बाईंनी तिघातिघांचे गट पाडले होते आणि यांच्या वाट्याला एन्कार्नासिओन शहराच्या खालच्या गावावरची कादंबरी आली होती. धरणाचं पाणी चढलं आणि बाजारपेठ, रेल्वे स्टेशन, गल्ल्या सगळं नदीच्या पोटात गेलं, त्याची ती गोष्ट. कादंबरीवर निबंध लिहायचा, आणि सोबत खालच्या गावातून उठून नव्या वसाहतीत आलेल्या एखाद्या माणसाची खरी मुलाखत जोडायची, असं काम होतं.

या वर्गाचा निमियाला वर्षभर वीट आला होता. तातियानाला प्रत्येक पुस्तक "फार भिडायचं". काय भिडलं म्हणून विचारलं की ती म्हणायची, सगळंच. देर्लिसचं दुखणं वेगळं होतं. तो जिन्यात उभा राहून मलपृष्ठ वाचायचा आणि वर्गात येऊन असा बोलायचा, की लिहिणारे लिहायचं थांबून त्याच्याकडे बघत राहायचे. एकदा एका नायिकेच्या मृत्यूवर तो इतकं सुंदर बोलला की मागच्या बाकावरच्या दोघी डोळे पुसायला लागल्या. निमियानं हात वर केला आणि सांगितलं, की या पुस्तकात ती मरतच नाही. वर्ग कुजबुजला, पण देर्लिसवर नाही, तिच्यावर. त्या दिवसापासून तिला 'सरकारी वकील' हे नाव पडलं.

आणि हे पुस्तक तिच्यासाठी नुसतं पुस्तक नव्हतं. तिचा जन्म खालच्या गावातला. घरं उठली तेव्हा ती लहान होती, तिला काही आठवत नव्हतं. आईवडील ब्वेनोस आयरेसला कामाला गेले ते तिकडेच राहिले. ती ओब्दुलिया मावशीपाशी वाढली, नव्या वसाहतीत, जिथे सगळी घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी एका रांगेत उभी होती. खालच्या गावात मावशीचं बाजारालगत शिवणकामाचं दुकान होतं. मावशी त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. पाणी चढल्यापासून ती नदीकाठी एकदाही फिरकली नव्हती.

निमियानं तिला विचारलं होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर मोबाइल ठेवला, प्रश्नांची यादी पुढ्यात घेतली आणि पहिला प्रश्न वाचला. मावशीनं मोबाइलकडे बघितलं, यादीकडे बघितलं आणि ग्वारानी भाषेत म्हणाली, "लिहायला दुसरं काही मिळालं नाही का तुम्हाला?" मग झाडू घेऊन अंगणात गेली. दुसऱ्या वेळी डोकं दुखतंय म्हणाली. तिसऱ्या वेळी तिनं नुसता रेडिओ मोठा केला.

म्हणून बाकावर बसल्या बसल्या वाटणी झाली. निबंध निमियानं लिहायचा, मुलाखत त्या दोघांनी आणायची.

निबंध लिहायला तिला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत मुलाखतीची बातमी नव्हती. तिनं गटात निरोप टाकले; आधी साधे, मग चढ्या आवाजातले. तातियानाकडून अंगठा यायचा. देर्लिसकडून आवाजातला निरोप यायचा, मागे कुणीतरी गिटार वाजवत असायचं, आणि तो म्हणायचा, "होणार गं, माझ्यावर विश्वास ठेव." ती रात्री अंथरुणावर पडून दोघांशी भांडायची. सगळे मुद्दे बिनतोड असायचे आणि ऐकायला कुणी नसायचं.

काम जमा करायच्या दिवशी सकाळी देर्लिस व्हरांड्यात तिची वाट बघत उभा होता. त्यानं चार छापील पानं तिच्या हातात ठेवली आणि बाजूला सरकला.

मुलाखत पेत्रोना नावाच्या आजींची होती. घर सोडायच्या दिवशी त्यांनी घराचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं आणि बैलगाडीवर घालून वसाहतीत आणलं. नव्या घराला सरकारी दार आधीच होतं, लोखंडी. हे दार कुठेच बसेना. मग आजींनी ते खाटेजवळच्या भिंतीला टेकवलं. त्या सांगत होत्या, "झोपताना मी त्याची कडी लावते. कडी लावली नाही तर मला बाहेर झोपल्यासारखं वाटतं."

निमियानं ते उभ्या उभ्याच वाचलं. शेवटच्या पानाशी पोचली तेव्हा अक्षरं पुसट दिसत होती. तिला आधी रडू आलं आणि मग शरम वाटली, कारण या मुलाबद्दल तिनं वर्षभर काय काय म्हटलं होतं.

"देर्लिस," ती म्हणाली, "माझं चुकलं. मला वाटलं होतं तू काही करणार नाहीस."

तो काहीतरी पुटपुटला आणि बुटाच्या टोकानं फरशी घासत राहिला. त्याला संकोच वाटतोय, असं तिला वाटलं.

पुढच्या तासाला इन्स्फ्रान बाई ती चार पानं हातात घेऊनच वर्गात आल्या. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. बाई स्वतः खालच्या गावातल्या. दाराच्या कडीपाशी त्यांचा आवाज अडकला, त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढे वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी सांगितलं, की सत्राच्या शेवटी गावातल्या सभागृहात सगळ्या गटांच्या मुलाखतींचं वाचन ठेवू, वसाहतीतल्या लोकांना बोलावू आणि पहिल्या रांगेत पेत्रोना आजींना बसवू. "त्यांना आणायची जबाबदारी तुमच्या गटाची," बाई म्हणाल्या.

सगळा वर्ग देर्लिसकडे वळून टाळ्या वाजवत होता. निमियाही वाजवत होती, आणि म्हणूनच तिला दिसलं की त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडालाय.

तिला आजींना भेटायचं होतं. त्या कुठल्या ब्लॉकात राहतात, म्हणून तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, लांब राहतात. रेकॉर्डिंग ऐकव म्हणाली, तर मोबाइल पाण्यात पडला. दोन दिवस तो तिला चुकवत राहिला. तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानामागे, जिथे मुलं सिगारेट ओढायला जमायची, तिथे तिनं त्याला गाठलं. तातियाना सोबत होती.

"मला फक्त पत्ता दे. मी एकटी जाईन," निमिया म्हणाली.

देर्लिसनं तातियानाकडे बघितलं. तातियाना नखं बघत होती.

"ती नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये म्हणजे? वारली?"

"नाहीये म्हणजे नाहीये. मी लिहिली."

दुकानातलं यंत्र खडखडत होतं. मग निमियानं तातियानाला विचारलं, तुला माहीत होतं? तातियाना म्हणाली, हो, आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, पण तोवर दुसरा इलाज नव्हता.

"दुसरा इलाज नव्हता? वसाहतीत हजार घरं आहेत. एक दार ठोठावायला काय जात होतं?"

"तुझ्याच मावशीचं दार तुझ्यासाठी उघडलं नाही," देर्लिस म्हणाला. "आमच्यासाठी कोण उघडणार होतं?"

हे तिला फार लागलं. तो ते बघून जरा नरमला. मग हळू आवाजात, जणू खरंच विचारतोय असं, त्यानं विचारलं, "आणि ती कादंबरी? तिच्यातली माणसं लेखकानं घरी बसून रचलीच ना? त्यांच्यावर तू पानंच्या पानं लिहिलीस."

"त्यानं वर 'कादंबरी' लिहिलंय. तू 'मुलाखत' लिहिलंस."

"एका शब्दाचा तर फरक."

"हो. एका शब्दाचाच."

"तू रडलीस ना वाचताना?" तो म्हणाला. "मी बघितलं तुला. ते रडणं खोटं होतं का?"

वर्षभर ती जिथे तिथे उत्तर घेऊन तयार असायची; इथे तिनं नजर दुकानाकडे वळवली. खरी गोष्ट अशी होती, की त्या चार पानांतलं एक वाक्यसुद्धा तिला लिहिता आलं नसतं, आणि वाचल्यापासून ते तिला सलत होतं.

तातियानानं मग व्यवहाराचं काढलं. ती म्हणाली, आपण सांगू की आजी वारल्या, म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं. निमिया म्हणाली, जन्माला घातलीत ती घातलीत, आता मारताय पण? तातियाना शांतच होती. पहिल्या पानावर तिघांची नावं आहेत, ती म्हणाली, आणि एका विषयात नापास झालीस तर तुझी शिष्यवृत्ती जाईल. आमचं आम्ही बघून घेऊ, तू तुझं बघ. तिच्या बोलण्यात धमकी नव्हती, खरंखुरं शहाणपण होतं. म्हणूनच निमियाला ते जास्त झोंबलं.

सोमवारी बाईंना सांगायचं, असं ठरवून ती घरी गेली. सोमवारी बाई कुठल्याशा बैठकीसाठी राजधानीत, आसुन्सिओनला गेल्या होत्या. मंगळवारी सांगायचं ठरवलं, तर मंगळवारी घरी वेगळंच वाढून ठेवलेलं होतं.

वर्गातल्या कुणीतरी मुलाखत इंटरनेटवर टाकली होती आणि ती मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरत वसाहतीत पोचली होती. निमिया आली तेव्हा ओब्दुलिया मावशी आणि शेजारची फिदेलिना ओट्यावर बसल्या होत्या. फिदेलिना मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत होती आणि अडखळत होती.

"बरं झालं आलीस," मावशी म्हणाली. "हिचा चष्मा काही कामाचा नाही. तू वाच."

निमियानं वाचलं. वाचताना तिला वाटत होतं, मावशी आता उठेल, झाडू घेईल. मावशी उठली नाही. हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. दार गाडीवर चढवतात तिथे तिनं मान हलवली, कुणी ओळखीचं बोलावं तशी.

"मला आठवतेय ही," फिदेलिना म्हणाली. "पिठाच्या गिरणीपाशी राहायची. उंच होती, पायानं जरा लंगडायची."

निमियानं मोबाइल खाली ठेवला.

"मला नाही आठवत," मावशी म्हणाली. "पण येणार आहे ना ती तुमच्या कार्यक्रमाला?"

"बाईंनी बोलावलंय," निमिया म्हणाली.

"मग मीही येते." मावशीनं पदर नसतानाही पदर सावरावा तसा झग्याचा गळा नीट केला. "बोलायचंय मला तिच्याशी. इतकी वर्षं झाली, मला वाटायचं मलाच असं होतं."

काय होतं, ते तिनं सांगितलं नाही. उठून आत गेली आणि कपाटातून निळा झगा काढून आणला. तो ती लग्नाकार्यालाच घालायची. कमरेला घट्ट झाला होता म्हणून तिनं दिव्याखाली बसून शिवण उसवली. सुईत दोरा ओवता ओवता ती गुणगुणत होती. निमियानं तिला कितीतरी दिवसांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली.

"काय गं?"

शब्द ओठांवर होते. सुई वर धरून मावशी तिच्याकडे बघत होती, चेहरा इतका मोकळा की निमियाला तिकडे बघवेना.

"काही नाही. शिवून झालं की दे, इस्त्री मी करते."

आणि तिनं केली. कॉलर, बाह्या, घेर, सगळं नीट. मग आपल्या खोलीत जाऊन देर्लिसला निरोप पाठवला, की कार्यक्रमात उभा राहून तू खरं सांग, नाहीतर मी सांगेन. माझी मावशी येतेय. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, "सांगतो. शब्द देतो." तिनं तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला आणि स्वतःची समजूत घातली, की आता आपण गप्प राहिलो तरी चालेल.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी सभागृहात पंखे गरगरत होते आणि तरी सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या. वसाहतीतली माणसं ठेवणीतले कपडे घालून आली होती. पहिल्या रांगेत मधली खुर्ची मोकळी होती, तिच्या पाठीला बाईंनी पांढरी फीत बांधली होती. तिसऱ्या रांगेत निळ्या झग्यात मावशी आणि तिच्या शेजारी फिदेलिना. मावशीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला, पहाटे भाजलेला चिपा होता, पेत्रोना आजींसाठी. वास सगळ्या रांगेत पसरला होता.

देर्लिस भिंतीपाशी उभा होता. पांढरा शर्ट, ओले केस, ओठ कोरडे. निमिया त्याच्याजवळ गेली. तो म्हणाला, सांगणार आहे. मग ती तातियानाशेजारी जाऊन बसली.

बाईंनी मुलाखत वाचली. सभागृहात कुणी खोकलं नाही की खुर्ची हलवली नाही. मागे एक म्हातारा उघड उघड रडत होता. वाचन संपलं तशी बाईंनी देर्लिसला पुढे बोलावलं आणि माइक त्याच्या हातात दिला.

त्यानं समोर बघितलं. इतकी माणसं त्याच्याकडे बघत होती आणि सगळ्यांचे डोळे ओले होते. आपल्या शब्दांनी एवढं घडलेलं त्यानं आयुष्यात प्रथमच पाहिलं असेल. निमियाला तो क्षण दिसला, ज्या क्षणी त्यानं दिलेला शब्द गिळला.

"पेत्रोना आजी आज येऊ शकल्या नाहीत," तो म्हणाला. "त्यांची तब्येत बरी नाही. त्यांनी सगळ्यांना आशीर्वाद पाठवलेत."

सभागृहभर हळहळ पसरली. निमियाच्या शेजारी तातियानानं अडकवून धरलेला श्वास सोडला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत मावशी उभी राहिली, चिपा दोन्ही हातांत धरून.

"पोरा," ती म्हणाली, "कुठल्या ब्लॉकात राहतात त्या? आम्ही दोघी इथूनच जातो बघायला."

"त्या... मुलीकडे गेल्यात."

"मुलगी कुठे असते?"

"लांब."

"लांब म्हणजे कुठे? बस जाते ना? फिदेलिनाच्या जावयाकडे गाडीपण आहे."

फिदेलिनानं मान डोलावली. माणसं वळून वळून बघायला लागली. आजारी बाईला भेटायला जायची ही धडपड बघून दोघातिघांनी कौतुकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. देर्लिसनं तोंड उघडलं, मिटलं. माइकमधून त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग त्यानं निमियाकडे बघितलं. नेहमीचं हसू त्याच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हतं. आतून कडी लावून घेतलेल्या आणि आता ती काढता न येणाऱ्या लहान मुलासारखा तो दिसत होता.

निमिया उभी राहिली. आपण उभ्या राहिलो आहोत, हे तिला स्वतःला जरा उशिरानंच कळलं.

"पेत्रोना आजी नाहीत," ती म्हणाली. आवाज फुटला म्हणून पुन्हा म्हणाली. "अशी कुणी बाई नाहीच. मुलाखत झालीच नाही. आम्ही ती रचली."

'आम्ही' म्हणायचं तिनं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि गेल्यावर तिला वाटलं, तेच बरोबर आहे.

आरडाओरडा झाला नाही. पंख्यांचा आवाज होता आणि खुर्च्यांचा. मागचा म्हातारा शेजाऱ्याला विचारत होता, काय म्हणाली ती, काय म्हणाली. बाईंनी माइक देर्लिसच्या हातातून काढून घेतला. पुढच्या गटानं यावं, एवढंच त्या म्हणाल्या. मावशीनं चिपा फिदेलिनाच्या मांडीवर ठेवला आणि खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर निघून गेली.

निमियानं तिला बसथांब्यावर गाठलं. ऊन मावशीच्या थेट डोळ्यांवर येत होतं आणि ती सावलीत सरकत नव्हती.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"गेल्या आठवड्यापासून."

"म्हणजे झग्याला इस्त्री करत होतीस तेव्हा माहीत होतं."

"हो."

"मला घरात सांगायचंस. मी घरातच बसले असते." मावशीचा आवाज चढला नाही. "एवढ्या माणसांसमोर मला उभं केलंस तू. त्या पोरानं नाही केलं. तो मला ओळखतही नाही."

बस आली. मावशी खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं आपली पर्स ठेवली. निमिया सगळा रस्ता उभी राहिली.

इन्स्फ्रान बाईंनी दोन दिवसांनी तिघांना बोलावलं. गटाला शून्य मिळालं आणि विषय पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायला सांगितलं. निमियाला त्या म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून तुला वेगळं काढावं असं मनात आलं होतं. पण माहीत असून तू गप्प बसलीस, आणि कागदावर नाव तुझंही आहे." निमियानं वाद घातला नाही. देर्लिसला त्या म्हणाल्या, "तू चांगलं लिहितोस. म्हणूनच मला जास्त राग आलाय." तो खाली मान घालून उभा होता. तातियानानं साहित्य सोडलं आणि वाणिज्याला नाव घातलं. जाताना तिनं निमियाला एक अंगठा पाठवला. शिष्यवृत्ती वर्षभरासाठी थांबली आणि निमिया सकाळी एका औषधांच्या दुकानात काम करू लागली. वर्गात काही जण म्हणत होते की सरकारी वकिलाला शेवटी भरलेलं कोर्ट मिळालं. ते ऐकून पूर्वीसारखं रक्त तापत नव्हतं. मावशी घरात मोजकं बोलायची, जेवण वाढायची आणि रेडिओ लावायची, हे जास्त जड जात होतं.

एका रविवारी सकाळी फाटकापाशी कुणीतरी दार ठोठवावं तशा टाळ्या वाजवल्या. निमियानं स्वयंपाकघराच्या जाळीतून बघितलं तर देर्लिस. रिकाम्या हातांनी आला होता. मावशी ओट्यावर बसून मांदिओकाचे कंद सोलत होती. तिनं त्याला ओळखलं आणि सोलणं थांबवलं नाही.

"ये," ती म्हणाली. "सुरी आहे तिथे. घे."

तो पायरीवर बसला आणि सोलायला लागला. त्याला जमत नव्हतं, सालीबरोबर निम्मा कंद जात होता. त्यानं माफी मागितली. घरून जुळवून आणलेलं बोलणं होतं, मध्येच विस्कटलं. मावशीनं ऐकून घेतलं.

"झालं ते झालं," ती म्हणाली. तिनं पुढचा कंद उचलला. निमिया आत हातात पातेलं घेऊन उभी होती. बाहेर जावं की नाही, ते तिला कळेना.

"तुझ्या त्या बाईच्या कोंबड्यांचं काय झालं?" मावशीनं विचारलं.

"कोंबड्या?" देर्लिस गोंधळला. "तिला कोंबड्या नव्हत्या. म्हणजे, मी विचारच केला नाही."

"आम्हाला होत्या. संत्र्याच्या झाडावर झोपायच्या. अंधार पडायला लागला की एकामागून एक वर चढायच्या, प्रत्येकीची फांदी ठरलेली." मावशीनं सोललेला कंद पाण्यात टाकला. "इथे आणल्या तेव्हा इथे झाडच नव्हतं. नुसती लाल माती आणि भिंती. पहिल्या संध्याकाळी सगळ्या अंगणाच्या मधोमध गोळा झाल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. चढायचं कुठे, ते कळेना त्यांना. दुकान पाडलं तेव्हा मी रडले नव्हते. घराला कुलूप लावलं तेव्हाही नाही."

देर्लिसच्या हातातली सुरी थांबली होती. त्यानं मोबाइल काढला नाही, काही लिहून घेतलं नाही.

निमियाला राग आला. तिनं तीनदा विचारलं होतं. ती या घरात वाढली होती. आणि मावशीनं सांगितलं कुणाला, तर याला.

तो जेवून गेला. निमियानं भांडी घासली, हात पुसले आणि मावशी अंगणात खुर्ची टाकून बसली होती तिथे जाऊन उभी राहिली.

"मला कधी सांगितलं नाहीस कोंबड्यांचं," ती म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं.

"तुला काय सांगायचं? तू होतीस की तिथे. एक कोंबडी तर तुझ्या मांडीवर होती."

निमियाला काही आठवत नव्हतं. तिनं आठवून बघितलं, डोळे मिटून बघितले. काही नव्हतं.

"कुठली?" तिनं विचारलं.

"काळी. चोचीनं बोट फोडलं होतं तुझं तिनं," मावशी म्हणाली. "तरी सोडत नव्हतीस."